तरसाचं पुढं काय झालं

कार्टूनचा सिनेमा संपला की घरातली पोरं सोफ्यावर उड्या मारतात आणि मी विचारते, "अरे, पण त्या तरसाचं काय झालं?" पोरं म्हणतात, "कोणत्या तरसाचं?" घ्या! दीड तास जो पडद्यावर धावला, ज्यानं मार खाल्ला, जो दुष्टाच्या मागं मागं जीभ बाहेर काढून फिरला, तो कोणता हेसुद्धा यांच्या लक्षात नाही. दुष्ट कड्यावरून खाली पडला, झालं यांचं समाधान. सून म्हणते, "आई, तुम्ही कार्टूनमधूनही भांडण उकरून काढता."

काढते. का काढू नये? आजवर मी असे पुष्कळ सिनेमे पाहिले, पोरांमुळं पाहावेच लागतात, आणि सगळीकडे तीच गत. मुख्य दुष्ट असतो तो रुबाबदार. भरदार आवाज, चालण्यात ऐट, मरतानासुद्धा वीज चमकते, ढग गडगडतात. त्याच्या हाताखालचे मात्र बघा. तरस, गिधाड, घूस, कावळा, कोल्हा. बरगड्या दिसताहेत, एक डोळा तिरपा, दात ओठाबाहेर. मालकानं लाथ घातली की हे पुढच्या दुबळ्याला लाथ घालणार. मालक हसला की हे हसणार. बोलणंसुद्धा यांना मुद्दाम गावंढळ दिलेलं असतं. मला सगळ्यात चीड कशाची येते सांगू? यांना घर नसतं. हरणाला आई असते, सशाला भावंडं असतात, चिमणीचा संसार दाखवतात. तरसाची बायको कधी कोणी दाखवली? त्याचं पिल्लू?

ते मी दाखवू शकते. तरसाचं पिल्लू मीच आहे.

आमचं गाव वडशापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तेव्हा जिल्हा चांद्याचा, आणि राज्य मध्य प्रदेश. गावाच्या तिन्ही बाजूंनी जंगल आणि चौथ्या बाजूला तलाव. तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, तलावाखालच्या भाताच्या बांध्या मालगुजाराच्या, जंगलातला मोह मालगुजाराचा, आणि माझा बापही मालगुजाराचा. बाबा त्याच्याकडे शिपाई होते. शिपाई म्हटल्यावर खाकी कपडे डोळ्यांपुढं आणू नका. धोतर, डोक्याला लाल फडकं आणि हातात तेल पाजलेली काठी. काम एकच. मालकाला जे हवं असेल ते गावातून आणायचं. कोणाची कोंबडी, कोणाचं तूप, कोणाची बैलजोडी. आणि सगळ्यात जास्त माणसं. मालकाला शिकारीला जायचं असलं, घर शाकारायचं असलं, तलावाची पाळ फुटली, की बाबा घरोघर फिरून माणसं बेगारीला काढायचे. बेगार म्हणजे फुकटची राबणूक. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबा दारात उभे राहिले की माणूस हातातला घास ताटात ठेवून उठायचा.

बाबांचा एक पाय ओढल्यासारखा पडायचा. मालकाच्या शिकारीत हाका घालून जनावर उठवताना रानडुकरानं मांडी फाडली होती. त्यामुळं चालताना मागचं अंग खाली बसायचं, आणि खांदे वर यायचे. आणि त्यांचं हसणं! मालक काही बोलले की बाबा हसायचे. आधी हसले तर मालकाला आवडायचं नाही, फार उशिरा हसले तरी आवडायचं नाही. म्हणून मालकाचं हसू संपायच्या बेतात आलं की बाबांचं सुरू व्हायचं, खी खी खी खी, चढत चढत. कितीतरी वर्षं हे केल्यामुळं ते हसणं त्यांच्या गळ्यातच बसलं होतं. घरात मी काही गमतीचं बोलले तरी ते तसंच हसायचे, थोडं थांबून. माय चिडायची. म्हणायची, "पोरीपुढं तरी नीट हास न गा!"

मग मालगुजारी गेली. कायदा झाला, तलाव सरकारचा झाला, आणि मालक नागपूरला राहायला निघून गेले. जाताना तलावाखालच्या दोन बांध्या बाबांना दिल्या. मोटारीत सामान चढवताना मालक काहीतरी बोलले आणि बाबा हसले, ते मला आठवतं. मोटार गेली. बाबा रस्त्यात उभे. आणि त्यांच्या मागं सगळं गाव उभं होतं, ते कुठं गेलं नव्हतं.

कोणी मारलं नाही हं त्यांना. माझी माय कितीतरी दिवस मारायला येतील म्हणून कडी लावून बसायची. आले नाहीत. गावानं फक्त बोलणं सोडलं. बाबा पारावर गेले की पारावरची माणसं उठायची, घाईनं नव्हे, हळूच, जणू कामच आठवलं. दुकानात बाबा गेले की दुकानदार सामान द्यायचा पण वर बघायचा नाही. बाबा घरी येऊन म्हणायचे, "इसरतीन. हळूहळू इसरतीन. मी का मनानं करत होतो? मालकानं सांगतलं तं करा लागे." त्यांना या गावातच राहायचं होतं. दुसरं गाव कोणतं होतं? दोन बांध्या इथं, रान इथं, आणि काठीशिवाय दुसरी कोणती विद्या त्यांना येत नव्हती. गावानं परत माणसांत घेतलं तर जगणार, नाही तर नाही. मी लहान होते, पण एवढं मला कळत होतं, कारण घरात दुसरं बोलणंच नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत वडशाला तंबूतला सिनेमा आला. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच, दंडार, नाटकं, मिठाईची दुकानं. गावच्या गाड्या निघाल्या तशी आमचीही निघाली, सगळ्यांच्या मागं, थोडं अंतर ठेवून. तंबूत जमिनीवर बसायचं. देवाधर्माचा मोठा सिनेमा होता, आणि त्याच्याआधी कार्टूनचा एक लांबलचक सिनेमा दाखवत होते, परदेशातला. चित्रं हलतात, बोलतात, हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. भाषा कळायची नाही म्हणून एक माणूस पडद्याजवळ भोंगा घेऊन उभा राहायचा आणि सगळं समजावून सांगायचा. त्याची भाषा अर्धी हिंदी, अर्धी आपली.

गोष्ट साधी होती. एक लठ्ठ अस्वल जंगलाचा मालक होऊन बसलेलं. अंगात कोट, हातात छडी. सगळ्या जनावरांनी आपला मध त्याला आणून द्यायचा. आणि तो मध गोळा करायला त्याच्या हाताखाली कोण? भोंगेवाला ओरडला, "हा पाहा, हा त्याचा नोकर, तरस!" पडद्यावर तरस आला. मागचं अंग खाली बसलेलं, खांदे वर, एक पाय ओढत. घरोघर जातो, दारावर धक्के देतो, खारीचं मडकं उचलतो, सशाच्या पोराच्या हातातली वाटीसुद्धा सोडत नाही. तंबू हसून हसून आडवा. बाबाही हसत होते. हो, बाबाही! पोट धरून हसत होते. कित्येक महिन्यांत ते इतके मोकळे हसले नव्हते, आणि त्यांच्याकडे बघून मायसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती.

मग ते अस्वल खुर्चीत रेलून काहीतरी विनोद करतं. स्वतःच हसतं, हो हो हो. तरस थांबतो. अस्वलाचं हसू संपत आलं की तरस सुरू करतो, खी खी खी खी, चढत चढत. लोक हसले. तरस गप्प झाला, लोकही गप्प झाले. आणि त्या अंधारात, सगळ्यांच्या शेवटी, एकटंच एक हसणं उरलं, खी खी खी खी.

ते बाबांचं होतं. सवयीनं उशिरा सुरू झालेलं.

 मग पुढून कोणीतरी आमच्याच गावचा बोलला, "अरे, हा तं आपला शिपाई होय!" बापरे, काय तो हशा! आमचं गाव सगळं वळून बघत होतं. ज्यांना काही ठाऊक नव्हतं ते दुसऱ्या गावचे लोकही हसत होते. भोंगेवाल्यालाही ते सापडलं. पुढं तरस पडद्यावर आला की तो म्हणायचा, "आले, शिपाईसाहेब आले!" आणि लोक तंबू डोक्यावर घ्यायचे. बाबांनी मान गुडघ्यांत घातली. माय म्हणाली, "चाला, उठा." पण मधून उठायला वाट नव्हती, सगळीकडे माणसं. शेवटपर्यंत बसावं लागलं.

शेवटी अस्वल मधाच्या मडक्यांसकट धबधब्यातून खाली गेलं. तरसाच्या ढुंगणावर मधमाश्या बसल्या आणि तो कोकलत टेकडीपलीकडं पळाला. लहान लहान होत ठिपका झाला. मग सगळी जनावरं नाचली. मी वाट बघत होते, टेकडीच्या पलीकडं काय आहे ते दाखवतील म्हणून. नाही दाखवलं. पुढचा सिनेमा सुरू झाला.

त्या दिवसापासून गाव बोलायला लागलं. हेच मोठं विपरीत. इतके दिवस अबोला होता, तो सुटला. पण हाक आली ती "तरस" म्हणून. "का तरसभाऊ, कुठी चाललास?" पोट्टे मागं मागं लंगडत चालायचे. पारावर बाबा गेले की आता माणसं उठत नव्हती, सरकून जागा द्यायची आणि म्हणायची, "हासून दाखव गा." ज्यांच्या घरातून बाबांनी बैल सोडून नेले होते, ती माणसं आता त्यांच्या पाठीवर थाप मारायची. मला राग यायचा. माय तर पेटायची. "दगडं मारले असते तं बरं झालं असतं," म्हणायची. पण बाबांचं उलटं. पहिले आठ-पंधरा दिवस घराबाहेर पडले नाहीत, आणि नंतर एक दिवस म्हणाले, "बोलून तं राह्यले न. हासू दे. हासलं का राग जाते."

मायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "खरा तरस जंगलात हाय, त्याले तरी कोनी हासत नाई."

खरंच होतं ते. आमच्या जंगलात तरस होता. मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की ओढून न्यायचा. गावानं कधी त्याला दुष्ट म्हटलं नाही. त्याच्यामुळं दुर्गंधी सुटत नाही, एवढीच त्याची ओळख. तो कोणाच्या हाताखाली काम करत नाही. कार्टून काढणाऱ्या माणसानं खरा तरस पाहिला असता तर त्याला कोणाचा नोकर केला नसता, असं मला आजही वाटतं. पण ते माझं मत. कोण ऐकतं?

मग रोवणीचे दिवस आले आणि खरा प्रश्न उभा राहिला. मालक असते तर त्यांच्या सालदारांनी, म्हणजे सालगड्यांनी, आमचंही काम उरकून दिलं असतं. आता सालदार गेले. बाबांनी उसना नांगर आणून, मायला सोबत घेऊन दोन्ही बांध्यांत चिखल केला. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, एका कोपऱ्यात टाकलेली होती, ती वीतभर झाली. आता ती उपटायची आणि चिखलात एकेक करून रोवायची. हे काम दोघा-तिघांचं नाही. पाणी बांधीत उभं आहे तोवर, पऱ्हे कोवळे आहेत तोवर, एका दिवसात पंधरा-वीस बायांनी ओळीनं वाकून करायचं. आमच्या गावात बायांची एक टोळी होती. आज याच्याकडं, उद्या त्याच्याकडं, पाळीपाळीनं. पाळी कोणाची, ते टोळीतली मोठी बाई ठरवायची. ती येते म्हणाली तर सगळ्या येणार. ती गप्प राहिली तर एकही येणार नाही.

ती मोठी बाई विधवा होती. तिचा नवरा बाबांनी बेगारीला नेला होता. भर पावसाळ्यात, मालकाचं शिकारीचं सामान जंगलात पोचवायला. तो परत आला तो तापानं फणफणत, आणि दोन दिवसांत गेला. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यावरून ती कधी आमच्या दारात येऊन रडली नाही, ओरडली नाही. आम्ही दिसलो की तिचे डोळे आमच्या अंगावरून पुढं जायचे, जणू तिथं कुंपण आहे.

बाबा आधी दुसऱ्या घरांत गेले. "मोठ्या बाईले विचार," सगळ्यांचं एकच उत्तर. तलावाखालच्या सगळ्या बांध्या हिरव्या झाल्या, आमच्या दोनच काळ्या उरल्या. पऱ्हे टोकाला पिवळे पडायला लागले. माय रोज संध्याकाळी जाऊन बघून यायची आणि काही न बोलता भांडी आपटायची. म्हातारे पऱ्हे रोवले तर त्यांना लोंबी धरत नाही. वर्ष गेलं म्हणजे आम्हीच गेलो. बाबांना चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत कोण घेणार त्या पायानं?

शेवटी ते गेले. मायनं मला सोबत पाठवलं. म्हणाली, "पोरगी सोबत असली का मानूस टाकून बोलत नाई." मोठ्या बाईच्या अंगणात टोळीच्या बाया जमल्या होत्या, दुसऱ्या दिवशीचं ठरवत. बाबा अंगणाच्या तोंडाशीच थांबले. काठी त्यांनी घरी ठेवली होती. हात जोडले. आता बाबांचं सगळं आयुष्य मालकाच्या वाड्यावर गेलेलं, तिथं हिंदी चालायची, आणि अजीजीचे सगळे शब्द बाबांना हिंदीतच येत होते. आपल्या बोलीत विनवणी करायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. ते म्हणाले, "बाई, आमच्यावर थोडा तरस खा."

एक क्षण कोणाला कळलंच नाही. मग एक तरणी बाई किंचाळली, "अवं माय! तरसच म्हणते तरस खा!" आणि अंगणात असा हशा पिकला की कोंबड्या उडाल्या. बायांनी एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकली. बाबांना आपलं काय चुकलं ते कळेना. दया करा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ते माझ्याकडे बघायला लागले.  आणि मग तेही हसले, थोडे उशिरा.

मोठी बाई हसली नाही. तिनं विचारलं, "पऱ्हे कसे हायेत?"

"पिवळे पडून राह्यले, बाई."

"परवा येतो," ती म्हणाली.

इतकंच. मला वाटलं, आता मी रडणार. तेवढ्यात ती तरणी बाई म्हणाली, "येतो आमी, पन सिनेमातल्यासारखं चालून दाखवा लागन! धुऱ्यावर! काऊन, मंजूर?" सगळ्या ओरडल्या, "हाव, हाव!" बाबा म्हणाले, "मंजूर."

घरी आल्यावर मायला सांगितलं तर ती म्हणाली, "करशील?"

"करीन. त्याच्यात का जाते?"

"तुहं काई जात नाई, मले ठाऊक हाय," माय म्हणाली आणि पाण्याला निघून गेली.

रोवणीच्या दिवशी आभाळ भरून होतं. बाया आल्या, पोत्याची खोळ डोक्यावर, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मी आणि माय पऱ्ह्यांच्या पेंड्या करून देत होतो. निम्मी बांधी झाली तेव्हा कंबर सोडवायला बाया उभ्या राहिल्या आणि त्या तरणीनं आठवण केली, "तरसभाऊ! चाला!"

बाबा हातातल्या पेंड्या घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, चढले. आणि चालले. आधी थोडं लाजत, आपलं नेहमीचंच लंगडत. मग मागचं अंग आणखी खाली घातलं, खांदे कानांपर्यंत नेले, जीभ बाहेर काढली. एका बाईच्या डोक्यावरची खोळ मधाचं मडकं उचलावं तशी उचलली. बायांच्या पोटात दुखायला लागलं. एक तर चिखलातच बसली. मग बाबा थांबले, समोर जणू मालक बसले आहेत असं वाकले, कान दिला, आणि खी खी खी खी, चढत चढत. काय सांगू, उत्तम करत होते ते. मी त्यांचं तोंड बघत होते. त्यांना बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं! सगळी टोळी त्यांच्याकडं बघत होती आणि कोणाच्या डोळ्यांत राग नव्हता. मायच्या ओठालासुद्धा हसू फुटलं होतं. मला वाटलं, बाबा म्हणत होते तेच खरं. राग गेला. संपलं. आता आम्ही इथं राहणार.

मोठी बाई ओळीच्या टोकाला होती. ती तेवढी वाकलेलीच होती, रोवत होती. हातातले पऱ्हे संपले तशी ती सरळ झाली. चिखलाचा हात लुगड्याला पुसला.

"हासू नका वं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "हा काई तरस नाई."

 बाबा तसेच वाकलेले राहिले.

"माह्या मानसाले न्यायले आला होता तवा हा खाटेजवळ बसला. त्याच्या कपाळाले हात लावून पाह्यला. मले म्हणे, बाई, याले तं ताप हाय. मंग त्याले म्हणे, चाल, ऊठ." ती बाबांकडं बघत होती, पहिल्यांदाच, नीट. "तरस कोनाच्या कपाळाले हात लावत नाई."

हे आम्हाला माहीत नव्हतं. मायलाही नव्हतं. तिनं बाबांकडं बघितलं आणि मग बघणं सोडून दिलं.

बाबा काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. मालकानं सांगितलं होतं, मी काय करणार, जे घरी रोज म्हणायचे ते तरी म्हणतील. ते फक्त सरळ होता येईल तितके सरळ झाले.

"पेंडी टाक इकडं," मोठी बाई म्हणाली. बाबांनी पेंडी टाकली. ती वाकली, आणि तिच्यामागं सगळ्या वाकल्या. दुपारपर्यंत दोन्ही बांध्या रोवून झाल्या. इतकी सरळ रोवणी त्या वर्षी गावात कोणाच्या बांधीत नव्हती.

भात झाला. आम्ही गावातच राहिलो. बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले आणि गाव त्यांना शेवटपर्यंत तरस म्हणत राहिलं. "तरसभाऊ" म्हटलं की ते लगेच ओ द्यायचे, सांगितलं तर चालून दाखवायचे, हसूनही दाखवायचे. मोठ्या बाईनं मात्र त्यांना कधी तरस म्हटलं नाही. रस्त्यात भेटली की ती त्यांचं नाव घ्यायची, पुढं भाऊ लावून, बारशाला ठेवलेलं खरं नाव. ती हाक ऐकली की बाबा आल्या वाटेनं मागं फिरायचे आणि घरात जाऊन कडी लावून घ्यायचे.